टरफलं

"ताई, कांदे घ्या की. नुसती टरफलं नेऊन काय करणार?"

जांभळी नाक्याच्या मंडईतल्या कांदेवाल्याचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्या गोणीच्या तळाशी सालींचा वीतभर थर साचलेला, आणि मी कांद्यांकडे ढुंकूनही न बघता तो थर मागत होते. "मुलांचा प्रोजेक्ट आहे," मी म्हटलं. या तीन शब्दांवर ठाण्यात काहीही मिळतं. त्याने मान हलवली, पिशवी भरून दिली आणि वर पैसेही घेतले नाहीत. शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफलं उचलणार नाही, असं बाणेदारपणे सांगणाऱ्या टिळकांची गोष्ट आम्हाला शाळेत दरवर्षी ऐकवायचे. त्या शिकवणीचं मी काय केलं, ते तलावपाळीवरून ती फुगलेली पिशवी मिरवत घरी येताना लक्षात आलं.

झालं होतं असं, की धाकटीच्या शाळेतून एक कागद आला. 'ईस्टरची सजावट, नैसर्गिक साहित्य वापरून.' खाली साहित्याची यादी: पाइनचे कोन, मॉस, विलोच्या डहाळ्या, ट्यूलिप. कागद कुठून छापला असेल ते उघडच होतं. तिकडे मार्चमध्ये बर्फ वितळतो, आपल्याकडे पंखा पाचावर जातो. तरी मी गोखले रोडवरच्या एका दुकानात जाऊन आले. तिथे ही सगळी यादी पाकिटांत हजर होती. सहा कोन प्लास्टिकमध्ये बंद, मॉस पोपटी रंगात रंगवलेलं, आणि वर लिहिलेलं 'नॅचरल'. दोनशे दहा रुपये. मी पाकीट परत ठेवलं. यात निसर्गप्रेम किती आणि कंजूषपणा किती, याचा हिशेब मी केलेला नाही.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींना विचारलं. मावशी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती, सात पिढ्या ठाण्यातल्या. आम्ही चरईतल्या या इमारतीत येऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी अजून नवीनच. ईस्टरला त्यांच्याकडून फुगे येतात, दिवाळीला आमच्याकडून चकल्या जातात. (फुगे म्हणजे तळलेले, पिठाचे, गोल, धाकटीने पहिल्या वर्षी दोरा मागितला होता.) म्हटलं, मावशी, तुमच्या लहानपणी अंडी कशी रंगवायचे?

"अंडी कोण रंगवतं?" मावशी हसल्या. "आमची अंडी मार्झिपानची. काजू वाटायचा, साखर, गुलाबपाणी, नि साच्यात दाबायचं. खरं अंडं खायचं, त्याला रंग कशाला फासायचा?"

म्हणजे ज्यांचा सण त्यांच्याच घरी अंडी रंगवली जात नव्हती. ती रीत थंड मुलखातली. तिकडे पूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडीही वर्ज्य असत. माणसांचा उपवास कोंबड्यांना कोण सांगणार? त्या आपल्या घालतच राहायच्या. साठलेली अंडी मग सणाला उकडायची, रंगवायची, वाटायची. लाटविया आणि लिथुआनियात आजही घरोघरी हा रंग कांद्याच्या सालींतून काढतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि त्या एका वाक्याच्या भरवशावर मंडई गाठली होती.

मावशींकडे सजावट म्हणजे एकच, झावळीचा क्रूस. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा तो करायचा, तसबिरीमागे खोचायचा आणि वर्षभर तिथेच ठेवायचा. पुढच्या वर्षी अशा जुन्या, सुकलेल्या झावळ्या चर्चमध्ये जाळतात आणि तीच राख त्या चाळीस दिवसांच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारी कपाळाला लागते. "टाकायचं काही नसतं त्यात," मावशी म्हणाल्या, आणि जिन्यातच बसून मुलांना शिकवायला लागल्या. माझी दोन, त्यांचा नातू आणि पहिल्या मजल्यावरची जुळी. नारळाच्या पातीतला हीर आधी ओढून काढायचा. पात जरा ओली ठेवायची, नाहीतर घडीवर चिरते. मग आडवी घडी, उभी घडी, टोक मागून खोचायचं. मुलांचे क्रूस दहा मिनिटांत झाले. माझा तेवढा तीन वेळा सुटला. मावशींच्या नातवाने तो हातातून घेतला, "काकू, राहू दे," म्हणाला आणि स्वतः करून दिला. काढलेले हीर माझ्या सासूबाईंनी गोळा केले. खराट्याला.

साहित्य गोळा करायला आम्ही येऊरच्या जंगलात गेलो नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं पानही उचलायचं नसतं. उपवनच्या रस्त्यावरचा फूटपाथ आणि आमच्या इमारतीमागची जागा पुरली. मार्चअखेरीस आपल्याकडची झाडं मोठा गोंधळ घालतात. पानगळ आणि पालवी एकाच आठवड्यात. देशी बदामाची पानं तांबडीलाल होऊन पडलेली असतात आणि त्याच फांदीवर पोपटी कोंब उभे असतात. पुस्तकात वसंत वेगळा आणि शिशिर वेगळा, पण फूटपाथवर दोघांची अशी वाटणी झालेली नसते. मुलांना गुलमोहराच्या शेंगा मिळाल्या, हातभर लांब, काळ्या, हलवल्या की खुळखुळणाऱ्या. सोनमोहराच्या तांब्याच्या रंगाच्या चपट्या शेंगा मिळाल्या. सर्वांत भाव खाल्ला महोगनीच्या फळाने. ते उकललं की लाकडाच्या पाच पाकळ्या सुट्या होतात. थोरल्याने त्यांच्या होड्या केल्या. तो सातवीत आहे, अशा गोष्टींत आपण नाही असं त्याने आधी जाहीर केलं होतं. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा मात्र घेऊ नका. त्यांचा गर चिकट असतो, आमच्या पिशवीत मुंग्यांनी वसाहत केली.

आता स्वयंपाकघर. सासूबाईंनी हयातीत अंड्याला हात लावलेला नाही. त्यांच्या माघारी आम्ही खातो हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे हे आम्हाला. घर या करारावर चाललं आहे. त्यांची अट एकच, "माझ्या पातेल्यात नको." माळ्यावरून ॲल्युमिनियमचं पोचे आलेलं पातेलं काढलं. दहा-बारा कांद्यांच्या साली, लिटरभर पाणी, अर्धा तास मंद आच. पाणी आधी चहासारखं झालं, मग जुन्या विटेसारखं. वास म्हणाल तर उडपी हॉटेलच्या मागच्या दाराचा.

अंड्यावर पानाचा ठसा उठवायची रीत साधी आहे. पान ओलं करून कवचावर चिकटवायचं, वरून पातळ कापड ताणून बांधायचं आणि रंगाच्या पाण्यात उकळायचं. पान असतं तिथे रंग पोचत नाही. तिकडे यासाठी पायातले जुने स्टॉकिंग वापरतात. ठाण्याच्या उकाड्यात स्टॉकिंग कोण घालतो? जुन्या मच्छरदाणीचे चौकोन कापले. पानं निवडताना मुलांची भांडणं झाली. कोथिंबीर, शेवगा, चिंचेचा कोवळा पाला. दहा मिनिटं उकळून, तासभर त्याच पाण्यात निवू देऊन आम्ही पहिली गाठ सोडली. चिंचेचा अख्खा पाला, एकेका बारीक पर्णिकेसकट, विटकरी रंगावर पांढुरका उमटला होता. आणि भोवती मच्छरदाणीची जाळी, इतकी बारीक की जणू गोणपाट विणलंय. जाळी आमच्या योजनेत नव्हतीच. जुळ्यांपैकी एकीने अंडं हातात घेतलं आणि बराच वेळ दिलंच नाही.

बाकीच्या रंगांनी आमचं काही ऐकलं नाही. हळदीने अंडं पिवळं केलं आणि ओटा त्याहून जास्त. बीटाचं पाणी एवढं गुलाबी, पण अंडं पुसलं तर फडक्यावरच गुलाबी. लाल कोबीचं पाणी जांभळं होतं, त्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं पांढरं अंडं सकाळी चक्क निळं निघालं. जास्वंदीकडून मला लाल नाहीतर गुलाबी अपेक्षित होता. आला तो जून महिन्यातल्या आभाळाचा राखाडी. "कावळ्याचं अंडं," धाकटी म्हणाली. "कोकिळेचं," मावशींचा नातू म्हणाला, "ती कावळ्याच्याच घरट्यात घालते." मागच्या आंब्यावर कोकिळ तेव्हा पहाटे चारपासून ओरडत होता, त्यामुळे पुरावा हाताशी होता.

रंग धरावा म्हणून पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालतात. अंडं त्यात ठेवलं की बुडबुडे येतात. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर आम्ल पडलं की वायू सुटतो. थोरल्याने याचा पुढचा प्रयोग न सांगता केला. एक कच्चं अंडं निव्वळ व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवलं. कवच विरघळून गेलं, आत नुसता पडदा उरला, रबरी चेंडूसारखा. चेंडूसारखा आहे म्हणून त्याने तो टाकला. रबरी नव्हता. ओटा मी पुसला, सासूबाई त्या दिवशी देवघरातून बाहेर आल्या नाहीत.

टांगायची अंडी पोकळ लागतात, ती आम्ही रंगवायच्या आधीच करून घेतली होती. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडायचं, आतलं बलक ढवळायचं आणि गाल दुखेपर्यंत फुंकायचं. त्या आठवड्यात आम्ही चार वेळा ऑम्लेट खाल्लं. टांगायला फांदी मिळाली चाफ्याची. खालच्या चाफ्याची एक फांदी गाडी लावताना कुणीतरी मोडली होती. मार्चमधला चाफा म्हणजे नुसती बोटं, पान नाही, जिथे मोडेल तिथून चीक. देवळाच्या अंगणात आणि ख्रिस्ती दफनभूमीत दोन्हीकडे दिसणारं हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. आता तेही मावशींसारखं ठाण्याचंच. जर्मनीत झाडाला अंडी टांगायची रीत आहे. साल्फेल्ड गावातल्या एका कुटुंबाने १९६५ मध्ये सफरचंदाच्या झाडाला थोडी प्लास्टिकची अंडी टांगली आणि वाढवत वाढवत पुढे ती दहा हजारांवर नेली. आमची नऊ झाली. दोन टांगताना फुटली, सात उरली. खाली काथ्याचं घरटं, त्यात महोगनीच्या पाकळ्या, शेजारी मावशींच्या नातवाचा क्रूस, जो माझा म्हणून खपवला.

"ससा अंडी कशी घालतो?" हा प्रश्न यायचाच होता. १६८२ मध्ये एका जर्मन वैद्याने लिहून ठेवलंय, की तिकडच्या काही भागांत मुलांना अंडी लपवणाऱ्या सशाची गोष्ट सांगतात आणि मुलं ती खरी मानतात. म्हणजे तेव्हाही मोठ्यांना हे थापच वाटत होतं. मी धाकटीला तेच सांगितलं. आम्ही ससा केला नाही.

या सगळ्यात सासूबाईंनी लक्ष घातलं ते फक्त तारखेत. यंदा हनुमान जयंती गुरुवारी २ एप्रिलला, गुड फ्रायडे लगेच ३ तारखेला आणि ५ ला ईस्टर. कालनिर्णयाचं पान उलटून त्यांनी मावशींना विचारलं, "तुमचं दरवर्षी हलतं कसं हो?" मावशी म्हणाल्या, फादर सांगतात तेव्हा. मी सांगितलं, की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच कधीतरी येतो. ही पौर्णिमा बहुधा चैत्राची. दोन वर्षांपूर्वी अधिक मासाच्या फरकाने होळीची होती. सासूबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "अगं, म्हणजे तिथीच की!" म्हणाल्या. त्यानंतर दोघींचं गॅलरीतून गॅलरीत एकादशी, उपवास आणि काय चालतं, काय चालत नाही यावर जे सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत.

रात्री सासूबाई फांदीजवळ उभ्या होत्या. चिंचेच्या पाल्याच्या अंड्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "हे पोकळ आहे ना गं?"

"हो आई, आत काही नाही."

"मग राहू दे एक शोकेसमध्ये. पितळी गणपतीच्या शेजारी नको. खालच्या कप्प्यात."

शाळेत फांदी पोचली. बाईंनी कौतुक केलं आणि विचारलं, "बनी कुठंय?" धाकटीने १६८२ सांगितलं. गुण मिळायचे तेवढे मिळाले.

परवा भाजी आणायला गेले तर कांदेवाल्याने लांबूनच हात केला. गाळ्याच्या मागून दोन भरगच्च पिशव्या काढल्या, तोंडाला सुतळी बांधलेल्या. नवा उन्हाळ कांदा सुरू झालाय, याचं साल कोरडं, जास्त निघतं. "ताई, पंधरा दिवस ठेवतोय तुमच्यासाठी. पोरं काय बनवतात, एकदा दाखवा तरी."

पुढचा ईस्टर अकरा महिन्यांवर आहे. नको कसं म्हणणार? दोन्ही पिशव्या घेतल्या, आणि या वेळी दोन किलो कांदेही.