ठिपक्यांचा बाण

मी बेळगावात एकटीच जीएसटीची कामं करते, शहापुरात एक खोली आणि लॅपटॉप, हाताखाली कुणी नाही, म्हणजे रिटर्न भरणं पण माझं आणि समजावून सांगणं पण माझंच. गेल्या महिन्यात इथल्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले एक काका आले, लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप, पंपाचे पार्ट करतात. कोल्हापूरच्या पार्टीनं त्यांचे टॅक्सचे पैसे अडवून ठेवलेले, का तर आम्हाला क्रेडिट मिळत नाही, म्हणजे बिलावरचा टॅक्स त्यांना स्वतःच्या टॅक्समधनं वजा करता येईना. काका लै वैतागलेले. "ताई, 9 नि 9, 18 टक्के भरलोय की मी, एक रुपया बुडवला नाही, मग ह्यांचं क्रेडिट जातंय कुठं?"

बिलं बघितली. पार्टीचा जीएसटी नंबर 27 नं सुरू, म्हणजे महाराष्ट्र, आपला कर्नाटकाचा 29. आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा टॅक्स, लावायला पाहिजे होता, काकांनी राज्यातल्या राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. मी अर्धा तास बोलले, प्लेस ऑफ सप्लाय म्हणजे टॅक्ससाठी माल कुठं पोचला असं धरतात, बिल टू म्हणजे बिल कुणाच्या नावावर, शिप टू म्हणजे माल कुठं, सगळं. काका होय होय करत राहिले आणि तो होय मला कळतो, समजलेलं नसतं पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून असतो तो.

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतनं डोकावणारं जॉबचं ड्रॉइंग दिसलं, तेलाचे डाग पडलेलं, कोपऱ्यात 0.02 चा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. हा माणूस दिवसभर ड्रॉइंग वाचतो आणि मी त्याला नुसते शब्द ऐकवत बसलेय! कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडं 29, उजवीकडं 27. काका लगेच पुढं सरकले.

"पण माल हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडलाच नाही की," ते म्हणाले. खरी गोष्ट तिथं बाहेर आली. ऑर्डर कोल्हापूरची, पण त्यांच्या सांगण्यावरनं माल दिला उद्यमबागेतच, दोन गल्ल्या सोडून प्लेटिंगवाल्याकडं. मी मालाचा बाण सरळ रेघेचा काढला, तो डावीकडच्या डावीकडंच राहिला. बिलाचा बाण ठिपक्यांचा, तो रेघ ओलांडून 27 मध्ये गेला. म्हटलं, अशा व्यवहारात ज्यानं माल द्यायला सांगितला त्याच्या धंद्याचं मुख्य ठिकाण धरतात, टॅक्स ठिपक्यांच्या मागनं जातो.

काका गप्प. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, खाली दोन चौकोन काढले, दिल्ली आणि बेंगळूर, दोन्हीत 9 लिहिलं. "मग माझे हे 9 बेंगळूरला जाऊन बसले, ते कोल्हापूरवाल्याला कसे वापरायला मिळतील?" एवढंच तर मी अर्धा तास सांगत होते!

पुढचं काम सोपं होतं. बिलं दुरुस्त करायची, आयजीएसटी भरायचा, त्यावर व्याज लागत नाही, आणि चुकून भरलेल्याचा रिफंड मागायचा, अर्जाला आयजीएसटी भरल्यापासून 2 वर्षं मिळतात. पण तोवर एकाच मालाचा टॅक्स दोनदा खिशातनं जातो, छोट्या वर्कशॉपवाल्याला ते फार जड जातं आणि मला हे अजिबात पटत नाही. काकांनी त्यासाठी बँकेतली ठेव मोडली.

कागद ते घेऊन गेले, त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलेला त्यावर. परवा व्हॉट्सॲपवर फोटो आला, गोव्याची नवीन पार्टी, त्यांनीच काढलेले 29 आणि 30, मधे ठिपक्यांचा बाण, खाली "बरोबर काय ताई?" बरोबर होतं. फोटोत मागं मशीनवर जॉबच्या ड्रॉइंगशेजारी आमचा तो पहिला कागद मॅग्नेटनं लावलेला दिसत होता.