आहार पाळला, पण किती? गुण देण्याआधी रेषा कुठे आहे ते बघा

आहार चांगला आहे का, हा एक प्रश्न. ठरवून दिलेली आहारपद्धती माणूस कितपत पाळतोय, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आकड्यात द्यायची रीत वरवर सोपी आहे. पद्धतीचे घटक ठरवायचे, प्रत्येक घटकासाठी एक रेषा आखायची, माणूस रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहून गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. बेरजेत सहसा कोणी चुकत नाही. चूक होते ती रेषा कोणी आणि कशावरून आखली हे न बघता दोन बेरजा शेजारी ठेवल्या की.

भूमध्यसागरी आहाराचं उदाहरण घेऊ, कारण मोजमापावर बरंच काम त्याच्यावर झालंय. अँटोनिया त्रिकोपुलू आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ग्रीसमध्ये ८ घटकांची गुणपद्धत वापरली. २००३ च्या अभ्यासात मासे हा घटक वाढला आणि ० ते ९ अशी पट्टी झाली. त्या अभ्यासात ग्रीसमधले २२,०४३ प्रौढ होते. भाज्या, कडधान्यं, फळं-सुकामेवा, धान्यं, मासे वगैरे ‘हवेत’ अशा घटकांत त्या गटाच्या मध्यकाइतकं (सगळ्यांचे आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा) किंवा त्याहून जास्त खाल्लं तर १ गुण. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ मध्यकापेक्षा कमी खाल्ले तर १ गुण. मध्यक स्त्री-पुरुषांचे वेगळे. मद्यासाठी मात्र ठरलेली चौकट: पुरुषांना दिवसाला १० ते ५० ग्रॅम अल्कोहोल, स्त्रियांना ५ ते २५. गुण २ ने वाढले की मृत्यूचा धोका सुमारे २५ टक्के कमी, असा संबंध तिथे दिसला.

एकाच गटातली माणसं एकमेकांशी ताडून बघायला ही पट्टी उत्तम आहे. पण मध्यक म्हणजे गटाचा मधोमध, त्यामुळे अर्धे लोक कायम वरच राहणार, गट कसाही खात असो. समजा एका गटाचा भाज्यांचा मध्यक १५० ग्रॅम आहे आणि दुसऱ्याचा ५०० ग्रॅम. रोज २०० ग्रॅम भाजी खाणाऱ्याला पहिल्या गटात १ गुण मिळेल, दुसऱ्यात शून्य. ताट तेच, गुण वेगळे. म्हणून दोन देशांचे असे सरासरी गुण शेजारी मांडलेले दिसले की तो तक्ता बाजूला ठेवावा. वर्षभराच्या कार्यक्रमात शेवटी मध्यक नव्याने काढला, तर सगळ्यांचं खाणं सुधारूनही सरासरी होती तिथेच राहते. उपाय एकच: सुरुवातीचा मध्यक गोठवायचा आणि शेवटपर्यंत तोच वापरायचा. रक्तदाब कमी करण्यासाठी आखलेल्या ‘डॅश’ आहाराच्या २००८ मधल्या गुणपद्धतीत ८ घटकांना १ ते ५ गुण मिळतात, एकूण ८ ते ४०. तिथेही गटाचे पाच समान भाग पाडूनच गुण ठरतात, म्हणजे अडचण तीच.

दुसरा मार्ग म्हणजे रेषा आधीच पक्की करणं. स्पेनमध्ये भूमध्यसागरी आहारावर झालेल्या ‘प्रेडिमेड’ चाचणीत १४ प्रश्नांची ‘मेडास’ प्रश्नावली वापरली गेली. स्वयंपाकात मुख्य मेद ऑलिव्ह तेल आहे का, ते दिवसाला ४ मोठे चमचे किंवा जास्त होतं का, भाज्यांचे २ वाढप (एक वाढप २०० ग्रॅम, त्यातलं निदान एक कच्चं), फळं ३, कडधान्यं आठवड्याला ३ वेळा, सुकामेवा ३ वेळा ३० ग्रॅम, गोड पेयं दिवसाला १ पेक्षा कमी, असे प्रश्न. ही प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते, आणि दवाखान्यात याहून लांब काही चालत नाही. कोणता पदार्थ किती वेळा खाता हे विचारणाऱ्या मोठ्या वारंवारता-प्रश्नावलीशी तिचा सहसंबंध ०.५२ निघाला होता (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). म्हणजे गटाचा कल कळायला पुरेशी. एका माणसाचे गुण ७ वरून ८ झाले म्हणून निष्कर्ष काढायला अपुरी.

मेडास जशीच्या तशी उचलताना तीन ठिकाणी ठेच लागते. फळांच्या प्रश्नात ताज्या फळांचा रसही धरला जातो, त्यामुळे रस पिणारा आणि फळ चावून खाणारा सारखेच ठरतात. वाइनच्या प्रश्नात आठवड्याला ७ किंवा जास्त पेल्यांना गुण आहे. न पिणाऱ्याचा एक गुण इथे जातो आणि तो भरून निघत नाही. लाल मांसाऐवजी कोंबडी पसंत करता का, या प्रश्नाला मांस मुळीच न खाणारा काय उत्तर देणार? याचा नियम पहिला अर्ज भरून घेण्याआधीच लिहून ठेवायला हवा. नंतर ठरवलेला नियम नेहमी हव्या त्या निकालाकडे झुकतो.

माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक बांधलेली पट्टी म्हणजे अमेरिकेतला ‘हेल्दी ईटिंग इंडेक्स’. तिथल्या सरकारी आहार-शिफारशी कितपत पाळल्या, हे ती मोजते. २०१५ च्या आवृत्तीत १३ घटक आणि १०० गुण आहेत. ९ घटक पुरेसे खाण्याचे, ४ आवर घालण्याचे. तिचं वैशिष्ट्य असं, की किती खाल्लं हे थेट न मोजता बहुतेक घटकांत दर १००० किलोकॅलरीमागे किती, आणि साखरेसारख्या घटकांत एकूण किलोकॅलरींच्या किती टक्के, हे मोजतात. गुणही हो-नाही असे नसून सरकत जातात. एक हिशेब मांडतो. दिवसाला २००० किलोकॅलरी, त्यात ५० ग्रॅम वरून घातलेली साखर. साखरेच्या २०० किलोकॅलरी, म्हणजे १० टक्के. ६.५ टक्के किंवा कमी असेल तर पूर्ण १० गुण, २६ टक्के किंवा जास्त असेल तर शून्य. २६ वजा १० म्हणजे १६, भागिले १९.५, गुणिले १०. आले ८.२. सोडियम ३.४ ग्रॅम असेल तर १००० किलोकॅलरीमागे १.७ ग्रॅम. तिथे १.१ ला पूर्ण गुण, २.० ला शून्य. म्हणून फक्त ३.३. एकाच माणसाचं कुठे अडतंय ते इथे दिसतं. एकूण बेरीज हे कधीच सांगत नाही, त्यामुळे घटकवार गुण न छापलेला अहवाल मला अर्धवट वाटतो.

या घनतेच्या, म्हणजे किलोकॅलरीच्या प्रमाणात मोजण्याच्या, हिशेबाचा मोठा फायदा म्हणजे कोणी सगळंच एकसारखं कमी सांगितलं, तर प्रमाण बिघडत नाही. पण माणसं एकसारखं लपवत नाहीत, केक लपवतात. वरच्याच माणसाने २० ग्रॅम साखर असलेला ३०० किलोकॅलरींचा केक सांगितलाच नाही, तर उरतात १७०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम साखर, म्हणजे ७.१ टक्के. गुण ८.२ वरून ९.७. न सांगितलेल्या एका तुकड्याने दीड गुण वाढला.

दोन-तीन दिवसांची नोंद असेल तर आधी बेरीज, मग गुण. उलट केलं की काय होतं बघा. अख्ख्या फळांसाठी १००० किलोकॅलरीमागे ०.४ कपाला पूर्ण ५ गुण. एका दिवशी फळ शून्य, दुसऱ्या दिवशी १.६ कप, दोन्ही दिवशी २००० किलोकॅलरी. रोजचे गुण काढले तर ० आणि ५, सरासरी २.५. दोन्ही दिवस एकत्र केले तर ४००० किलोकॅलरीमागे १.६ कप, म्हणजे बरोबर ०.४ आणि पूर्ण ५ गुण. वरच्या टोकाला गुण अडतात, त्यामुळे एका दिवसाचं जास्तीचं खाणं दुसऱ्या दिवसाच्या कमीला भरून काढत नाही. संगणकावर ही चूक अगदी सहज होते आणि निकालात दिसतही नाही.

मागच्या २४ तासांचं खाणं विचारताना पाच फेऱ्यांची पद्धत वापरावी. पहिल्या फेरीत मध्ये न टोकता यादी सांगू द्यायची. दुसरीत हमखास विसरले जाणारे प्रकार एकेक करून विचारायचे: पेयं, गोड, अधलंमधलं खाणं, पावाला लावलेलं लोणी. तिसरीत वेळ आणि प्रसंग, चौथीत प्रमाण आणि कसं शिजवलं, पाचवीत शेवटचं एकदा खोदून विचारणं. पहिल्याच फेरीत "किती?" विचारलं की माणूस मोजण्यात अडकतो आणि पुढची यादी आखडते. दिवस आधी कळवू नये. कळवला तर त्या दिवसाचं खाणं नीटनेटकं होतं. नोंदींत सुट्टीचा दिवसही यायला हवा. आणि आहाराचा सल्ला ज्याने दिला, त्यानेच पालनाचे प्रश्न विचारू नयेत. समोरच्याला त्याला नाराज करायचं नसतं.

मीठ मात्र तोंडी विचारून कळत नाही. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून २४ तासांची लघवी गोळा करणं हाच खात्रीचा मार्ग. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी धरून सगळी डब्यात घ्यायची. एक वेळ जरी डब्याबाहेर गेली तरी सोडियम कमी दिसतं आणि माणूस उगाच पथ्यवान ठरतो. मीठ रोज वर-खाली होत असल्यामुळे एका माणसाबद्दल बोलायचं तर एकदा गोळा करून भागत नाही.

शेवटी रिकाम्या जागा. उत्तर नाही ते शून्य धरलं, तर भाजीच्या प्रश्नात गुण जातो, पण गोड पेयाच्या प्रश्नात ‘शून्य प्यायला’ असा अर्थ होऊन फुकटचा गुण मिळतो. रिकाम्यासाठी वेगळा संकेत ठेवावा, म्हणजे ९९ वगैरे, आणि किती उत्तरं रिकामी असली तर अर्ज बाद, हे आधी ठरवावं. मुख्य काम सुरू करण्यापूर्वी तेच २० अर्ज दोघांना वेगवेगळे गुणायला द्यावेत. ज्या प्रश्नावर दोघांचे गुण जुळत नाहीत, त्याची व्याख्या तिथेच दुरुस्त करावी आणि पुन्हा नवे २० अर्ज घ्यावेत.