जुन्या बेसचे दात

डिसेंबर, दत्तजयंतीनंतर

काल रात्री सारंगखेड्याहून परतलो. आमच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवणाऱ्या नानांच्या घरी वरातीसाठी घोडी ठेवतात. जुनी थकली, नवी बघायची होती, म्हणून सोबतीला मी गेलो. तापीकाठच्या त्या मैदानात दोन दिवस मी एकच गोष्ट बघत होतो. मालक घोडीच्या चालीबद्दल, रंगाबद्दल, तिच्या आईबापाबद्दल बोलत राहतो. नाना सगळं ऐकून घेतात आणि मग पुढे होऊन घोडीचा ओठ वर करतात. "पहिले दात दखाड, मंग भाव सांग." दातांच्या झिजेवरून वय कळतं, आणि वय कळलं की मालकाचं कितपत खरं धरायचं तेही कळतं.

ऑनलाइन विकायला येणाऱ्या जुन्या बेस गिटारींचे भाव मी गेलं वर्षभर वहीत टिपतोय. परतीच्या वाटेवर, शिरपूर मागे पडेपर्यंत, डोक्यात हेच चालू होतं: बेसचे दात कुठे असतात? ह्या नोंदी त्यासाठी.

जानेवारी

वहीत पाच रकाने आहेत. मॉडेल, वर्ष, मागितलेली किंमत, किती दिवस पडून होता, आणि शेवटी कितीला गेला. पहिले चार रकाने कोणीही भरेल. पाचव्यासाठीच सगळी मेहनत.

रावेर-सावद्याकडचा माणूस हे लगेच समजेल. केळीचा जाहीर भाव वेगळा आणि वजनकाट्यावरून उतरल्यावर हातात पडणारा वेगळा. बेसचंही तसंच. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. एकाने ९०,००० लिहिले की पुढचे चार जण त्याच्याकडे बघून ९०,००० लिहितात, आणि पाचही बेस आठ महिने तिथेच लटकलेले असतात. अशा पाच जाहिरातींची सरासरी काढणं म्हणजे पाच जणांच्या इच्छेची सरासरी काढणं.

म्हणून मी फक्त विकल्या गेलेल्या मालाचे आकडे धरतो. रिव्हर्ब आणि ईबे ह्या विक्रीच्या संकेतस्थळांवर, दोन्हीकडे, ते बघता येतात. ईबेवर एक खाचखळगा आहे तो लक्षात ठेवा: सौदा घासाघीस करून झाला असेल तर तिथे मूळ मागणीचा आकडा वर रेघ मारून दिसतो, खरा आकडा दिसत नाही. अशा नोंदी मी वहीत घेतच नाही. दुकानाने विकलेला आणि खाजगी माणसाने विकलेला हेही वेगळं लिहितो. दुकानाच्या किमतीत सेटअप (वाजवण्याजोगी जुळवणी), परत घेण्याची हमी आणि त्यांचा नफा असतो. घरातून विकणाऱ्याने दुकानाचा भाव मागितला तर त्या हमीचे पैसे आपण हमीशिवाय देतो.

फेब्रुवारी

ही वही का सुरू झाली ते एकदा लिहून टाकतो. चार वर्षांपूर्वी मी ३८,००० रुपयांना एक जपानी बेस घेतला, सत्तरच्या दशकातली, फेंडर कंपनीच्या जॅझ बेसची नक्कल. फोटो सुंदर होते. घरी आल्यावर तार लावली तर बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बोट दाबायला कष्ट पडायचे, एवढी तार वर. मला वाटलं ट्रस रॉड (मानेच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, आतली लोखंडी सळई) थोडा कसला की मान सरळ होईल. पाना लावला, नट हललाच नाही. तो आधीच शेवटापर्यंत कसलेला होता आणि तरी मान पुढे वाकलेलीच होती. पुण्याच्या कारागिराने मान उघडून बघितली आणि सांगितलं की दुरुस्तीचा खर्च बेसच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जाईल. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तो बेस आजही भिंतीवर आहे आणि त्याच्याकडे बघून मला अजून वाईट वाटतं, कारण पिकअपचा (तारांखालच्या चुंबकांचा) आवाज खरोखर गोड होता.

तेव्हापासून विकणाऱ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला: ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का? तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून आठव्या फ्रेटपाशी खालून एक फोटो काढून पाठवा. तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. बोट शिरत असेल तर मी पुढे बोलत नाही.

मार्च

मुंबईची एक जाहिरात. फेंडर जॅझ बेस, '१९७२, सगळं ओरिजिनल', मागणी साडेचार लाख. एवढे पैसे माझ्याकडे नाहीत, पण शिकण्यासाठी फोटो मागवले. त्या माणसाने मोठ्या मनाने सगळे पाठवले.

मानेच्या मागचा पत्रा बघितला तर तीन स्क्रू. जॅझ बेसला तीन स्क्रूची मान १९७४ च्या सुमारास आली. त्याआधी चार असायचे. मग पॉटचा (आवाजाच्या बटणाखालच्या भागाचा) फोटो मागितला. पॉटच्या पाठीवर १३७७५ ने सुरू होणारा आकडा होता. अमेरिकन पॉटवर हा आकडा म्हणजे जन्मदाखला. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल), पुढचे वर्षाचे, शेवटचे आठवड्याचे. १३७७६३३ असेल तर सीटीएस, १९७६, तेहतिसावा आठवडा. बेस त्या तारखेनंतरचा असू शकतो, कारण कारखान्यात पॉट पडून राहायचे. आधीचा मात्र असू शकत नाही, पॉट नंतर बदलला असेल तर गोष्ट वेगळी. इथे पत्रा आणि पॉट दोघेही एकच सांगत होते: १९७२ चा नाही, आणि पॉटवरून तर १९७५ किंवा त्यानंतरचा. वाईट बेस नाही, पण १९७२ च्या भावाचाही नाही.

फेंडरच्या बाबतीत वर्षाला एवढं महत्त्व का, तर जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस ह्या अमेरिकन प्रसारण कंपनीने घेतली. त्याआधीचा बेस म्हटला की भाव कित्येक पटींनी वर जातो, आणि सत्तरच्या दशकातही सुरुवातीचे जास्त, नंतरचे कमी. म्हणूनच वर्ष मागे ढकलण्याचा मोह विकणाऱ्याला होतो. बरेचदा त्यात खोटेपणा नसतो. त्याने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं.

त्याच माणसाने आणखी एक कारण दिलं: "रोजवूडवर बंदी आहे, बाहेरून आता येत नाही, म्हणून भाव." हे तपासून घ्या. जानेवारी २०१७ मध्ये साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत डालबर्जिया, म्हणजे रोजवूडच्या, जातीची सगळी लाकडं आली तेव्हा वाद्यांना खरंच त्रास झाला होता, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूडवरची कडक बंदी १९९२ पासून आहे आणि ती तशीच आहे. सत्तरच्या दशकातल्या बेसच्या फिंगरबोर्डवर मात्र बहुधा इंडियन रोजवूड असतं, म्हणजे आपला शिसव. सातपुड्यातला शिसव ज्याने बघितलाय त्याला ती जांभळट झाक ओळखीची वाटेल.

एप्रिल

ह्या महिन्याची नोंद लांब होणार, कारण ह्यात सौदा झाला.

भुसावळची जाहिरात दिसली तेव्हा मी दोनदा पत्ता वाचला. एवढी वर्षं मी मुंबई, गोवा, कोलकाता बघत बसलो आणि बेस निघाला अर्ध्या तासाच्या अंतरावर. 'आयबानेझ, १९७८, लॉसूट एरा, ६५,०००.' सोबतच्या फोटोत हेडस्टॉकवर (मानेच्या टोकावर) 'रोडस्टार टू' स्वच्छ दिसत होतं.

'लॉसूट' (म्हणजे खटला) हा शब्द दिसला की मी सावध होतो. १९७७ मध्ये गिब्सन ह्या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, जपानी आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर खटला भरला. तो होता हेडस्टॉकच्या आकारावरून, आणि पुढे तडजोडीने मिटला. फेंडरच्या नकलांचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरी आज कुठल्याही जुन्या जपानी वाद्याला तो शब्द चिकटवतात आणि दहा-वीस हजार वर चढवतात. रोडस्टार टू तर आयबानेझची स्वतःची रचना, ऐंशीच्या दशकातली.

रविवारी सकाळी गेलो. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे बैठं घर. काका सत्तरीच्या पुढचे, एके काळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमांत वाजवायचे. बेस त्यांच्या भावाने आखातातून आणलेला. जाहिरात मुलाने टाकली होती. काकूंनी चहा ठेवला आणि काकांनी पेटी उघडली. कापराचा वास आला.

आधी मी वाजवला नाही. पत्र्यावरचा नंबर वाचला: एच८३ ने सुरुवात. आयबानेझचं त्या काळातलं कोष्टक सोपं आहे. अक्षर म्हणजे महिना, ए जानेवारी ते एल डिसेंबर. पुढचे दोन अंक वर्ष. एच म्हणजे ऑगस्ट, १९८३. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे, भाऊ चौऱ्याऐंशीच्या दिवाळीला आला होता." मुलाने नेटवर वाचून १९७८ लिहिलं होतं. तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

मग परवानगी घेऊन मागचं झाकण उघडलं. जपानी पॉटवर १३७-३०४ चा हिशेब चालत नाही, तिथे मी सोल्डरचे डाग बघतो. कारखान्यातला चाळीस वर्षांचा डाग राखाडी पडलेला असतो आणि त्याच्या कडेला राळ पिवळी होऊन गोठलेली असते. नंतर कोणी हात लावला असेल तर डाग चकचकीत, गोळा मोठा, आणि शेजारच्या वायरचं आवरण वितळलेलं. इथे सगळे डाग सारखेच म्हातारे होते, फक्त जॅकवरचा एक नवा. तो कालांतराने सगळ्यांनाच करावा लागतो, त्याचे पैसे मी कापत नाही. झाकणाखालच्या खाचेच्या कडेला रंगाचा एकच थर होता, म्हणजे पुन्हा रंगवलेला नाही. हे महत्त्वाचं. जुन्या वाद्याचा मूळ रंग गेला की किंमत सुमारे निम्म्यावर येते असा बाजाराचा ठोकताळा आहे, रंगकाम कितीही छान असो.

उणं काय होतं? सूर लावायच्या चार चाव्यांपैकी एक दुसऱ्या बनावटीची, पण जादा भोक न पाडता बसवलेली. पहिल्या पाच फ्रेटवर जाड तारांखाली खळगे. आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचत होती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि धातूची टोकं बाहेर डोकावतात. कानशीने अर्ध्या तासाचं काम, त्यासाठी बेस नाकारू नका. ट्रस रॉड पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, लोण्यासारखा फिरला. तेव्हा मनातून मी तो घेतला होता.

आता भाव. मुलाचा ६५,००० चा आकडा हवेतला नव्हता. वहीत अशाच अवस्थेतले परदेशात खरोखर विकले गेलेले पाच होते, मधला आकडा ३२,००० च्या आसपास. त्यावर वाहतूक १४,००० आणि कस्टमचा मला मिळालेला अंदाज १९,०००. बेरीज बरोबर ६५,०००. मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि जे वाटतं ते सांगितलं: हा आकडा म्हणजे वरची हद्द. एवढे पैसे द्यायचेच असतील तर मी दहांमधून निवडीन आणि दुकानाची हमीही घेईन. खालची हद्द ३२,०००, पण तेवढ्यात तुम्ही का द्यावा? माझा वाहतुकीचा आणि कस्टमचा त्रास तुमच्यामुळे वाचतोय. मधला आकडा ४८,५००. त्यातून फ्रेट घासून सेटअपचे ४,००० आणि चावीचे १,५०० वजा. ४३,०००.

मध्यावर थांबणं हा माझा हिशेब, बाजाराचा नियम नाही. एखादं मॉडेल इथे मिळतच नसेल तर मी वरच्या हद्दीकडे सरकतो. फेंडर जपानच्या १९८२ ते ८४ मधल्या जेव्हीने सुरू होणाऱ्या नंबरच्या बेससाठी मी नक्की सरकेन.

मुलाने वहीची पानं उलटून बघितली. काका म्हणाले, "वाजवून दाखव." मी एक जुनं अहिराणी गाणं धरलं, तिसऱ्या ओळीला ते मांडीवर ठेका द्यायला लागले. ४४,५०० ला ठरलं. पेटी आणि त्यांचा जुना चामडी पट्टा त्यातच.

मे

फ्रेट घासून झाले. कारागिराचे ३,८०० झाले, चावी ऑनलाइन १,२०० ला मिळाली. ५,५०० धरले होते, ५,००० लागले. वहीत दोन्ही आकडे लिहिलेत. चोपड्याच्या हळदीला वाजवला, मंडपात चव्वेचाळीस अंश आणि चार तासांत सूर दोनदाच मिळवावा लागला.

काकांना रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी उत्तरात धुळ्याच्या एका मित्राचा नंबर दिला. त्यांच्याकडे यामाहाचा बीबी बेस माळ्यावर आहे म्हणे. फोन केला, मागच्या झाकणाचा आणि आठव्या फ्रेटचा फोटो मागितलाय. वहीत ओळ आखून ठेवली आहे.