मसाल्याच्या बिलावर फुटवेअर

"ताई, तुमच्या वेबसाइट तीन, फर्म एकच, मग कार्डाचे पैसे कसे घेता? तीन गेटवे काढायचे का एकात भागतं?" हा प्रश्न (गेटवे म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या बँक खात्यात पोचवणारी सेवा) मला आठवड्यातनं एकदा तरी येतोच, बहुतेक घरनं धंदा करणाऱ्या बायकांकडनं, आणि दरवेळी व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यात सांगून बोटं दुखायला लागली म्हणून आता एकदाच सगळं लिहिते.

आमचं कोल्हापूरचं. सासऱ्यांचं चपलांचं दुकान, त्याची वेबसाइट आधी झाली. मग मी कांदा-लसूण मसाला विकायला लागले, ती दुसरी. तिसरी दिवाळीच्या फराळाची, ती वर्षातनं दीड महिनाच जागी असते. पॅन एक, जीएसटी नंबर एक, करंट अकाउंट एक. म्हटलं गेटवे पण एकच पुरे की, चपलांच्या साइटच्या कीज (साइट गेटवेला जोडायचे गुप्त कोड) उचलल्या आणि मसाल्याच्या साइटला चिकटवल्या. कुणाला विचारलं नाही, काही नाही. चालू पण झालं लगेच, पहिल्याच दिवशी चार ऑर्डरी, मी खूश.

महिन्याभरानं चार्जबॅक आला, म्हणजे गिऱ्हाइकानं बँकेकडं तक्रार करून पैसे परत मागितले. एका बाईंनी ६४० रुपयांचा मसाला घेतला होता, आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव काय, तर सासऱ्यांचं आडनाव आणि पुढं 'फुटवेअर'. त्यांच्या मिस्टरांनी ते बघितलं, ह्या म्हणाल्या मी चपला घेतल्याच नाहीत, बँकेला फोन, फ्रॉड, कार्ड ब्लॉक. त्यांचं काय चुकलं सांगा, मी पण तेच केलं असतं! मग मी फोन केल्यावर बिचाऱ्या म्हणाल्या "अगोबाई, तो मसाला होय, छान होता ओ." पण तोवर उत्तर द्यायची मुदत गेलेली, कारण गेटवेचा मेल सासऱ्यांच्या जुन्या आयडीवर जात होता जो कुणी उघडतच नाही. मसाला पण गेला आणि ६४० पण.

आणि पैशापेक्षा मोठी चूक मला नंतर कळली. गेटवेकडं ज्या वेबसाइटची नोंद आहे तिथंच ते खातं वापरायचं असतं. नोंद नसलेल्या साइटचे पैसे त्यातनं घेतले की त्यांच्या लेखी तो लपवाछपवीचा प्रकार होतो, खातं बंद करू शकतात. शिवाय प्रत्येक दुकानाला धंद्याचा चार आकडी कोड लागतो, चपलांना ५६६१, खाण्याच्या किरकोळ मालाला ५४९९. माझा मसाला इतके दिवस पायताण म्हणून खपत होता.

आता आमची सोय अशी आहे: गेटवे कंपनी एकच, पण तीन दुकानांचे मर्चंट आयडी (गेटवेकडचा दुकानाचा खाते नंबर) तीन, प्रत्येकाला स्टेटमेंटवर दिसायचं नाव ज्याचं त्याचं, आणि पैसे मात्र तिन्हीचे एकाच करंट अकाउंटला. गल्ला एक असला तर काही बिघडत नाही हो, पाटी ज्याच्या त्याच्या नावाची पाहिजे.

फराळाचा आयडी वेगळा का, तर एका दिवाळीला (तेव्हा सगळं एकातच होतं) परदेशातल्या कार्डांवरनं एकदम धडाधड ऑर्डरी आल्या आणि गेटवेच्या रिस्कवाल्यांनी सेटलमेंट, म्हणजे आमच्या खात्यात पैसे टाकणं, थांबवलं, म्हणाले बिलं दाखवा, कुरिअरच्या पावत्या दाखवा. त्यांचंही बरोबर असेल, वर्षभर शांत असलेलं खातं अचानक पेटलं तर कुणीही दचकेल, पण अडकले ते चपलांचे पैसे पण, आणि शनिवारी कारागिरांचा हिशोब असतो, त्यांना मी काय सांगू, चकल्यांमुळं थांबा म्हणून? त्या शनिवारी सासूबाईंनी डब्यातले काढून दिले. परदेशी कार्डाला फी जास्त असतेच, वर बऱ्याचदा ओटीपीची पायरी नसते, मग कार्ड चोरीचं निघालं तर भुर्दंड दुकानदाराला. (एका मावशींनी तर न्यू जर्सीहून व्हॉट्सअॅपवर कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवला होता, "तूच टाक गं नंबर" म्हणून. मी आधी तो डिलीट केला आणि मग फोन केला.)

ऑर्डर नंबरचं पण सांगते, हे कुणी सांगत नाही. बऱ्याच वेबसाइट १००१ पासनं मोजायला लागतात, म्हणजे तिन्ही दुकानांत एकेक १०४३ असणारच. खातं एकच असताना पैसे आल्याचा निरोप तिन्ही साइटना जायचा आणि साइट नुसता नंबर बघायची. चपलांच्या १०४३ चे पैसे आले आणि मसाल्याचा १०४३ 'पेड' झाला, त्या गृहस्थांनी पेमेंट अर्धवट सोडलेलं, त्यांना अर्धा किलो मसाला फुकट पोचला. आता नंबराआधी च, म, फ अशी अक्षरं लावलीत, जीएसटीच्या बिलांची मालिका पण तशीच वेगवेगळी, चालतं ते, फक्त बिल नंबर सोळा अक्षरांच्या वर जाता कामा नये.

फीचं सगळे विचारतात. दोन टक्के धरा, वर त्या फीवर १८ टक्के जीएसटी (कार्डानं दोन हजारांपर्यंतच्या ऑर्डरीला हा जीएसटी माफ आहे). तीन हजारांच्या ऑर्डरीला ६० आणि १०.८०, हातात २९२९.२०. रूपे डेबिट कार्डाला आणि साध्या यूपीआयला २०२० पासनं एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडनं घ्यायची ही फी, शून्य आहे. गेटवेकडं आपला जीएसटी नंबर भरलेला असेल तर ते १०.८० जीएसटीच्या क्रेडिटमध्ये मिळतात, म्हणजे आपल्या भरायच्या जीएसटीतनं वजा होतात, मी दीड वर्ष भरला नव्हता. आणि रिफंड दिला तर गिऱ्हाइकाला पूर्ण तीन हजार जातात पण फी सहसा परत येत नाही, म्हणून चपलेचं माप मी आता फोन करून विचारते, पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलनं आखून पाठवा म्हणते.

गिऱ्हाइकं कधीकधी चिडतात, तिन्ही दुकानं तुमचीच ना, मग कार्ड परत का टाकायचं. तर १ ऑक्टोबर २०२२ पासनं दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवताच येत नाही, नंबराऐवजी टोकन, म्हणजे एक बदली नंबर, असतं, आणि ते टोकन त्या एका दुकानापुरतंच बनतं. चपलांकडचं मसाल्याला चालत नाही. बरंच आहे ते.

तुमच्या दोनच साइट असतील आणि महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी, तर तीन तीन आयडीच्या फंदात पडू नका. आहे त्याच खात्यात दुसऱ्या वेबसाइटची रीतसर नोंद करा, स्टेटमेंटवर दोन्हीला शोभेल असं नाव मागून घ्या, ऑर्डर नंबराला अक्षर लावा आणि मेल आयडी रोज बघता तोच द्या. नोंदीसाठी साइटवर पत्ता, फोन, रिफंड आणि डिलिव्हरीचे नियम लिहिलेली पानं आधी तयार ठेवा, त्याच्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत. आणि हे सगळं गणपतीच्या आधी उरका, दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन लागत नाही.