आमची वाटचाल : उद्यमबागेतील बिडाचे (कास्ट आयर्नचे) ओतकाम

बेळगावच्या ओतकामाचा विषय निघाला की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव अभिमानाने घेतले जाते; मात्र १९१० साली त्यांना आपला नांगरांचा कारखाना येथून उचलून औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर न्यावा लागला, हे फारसे कोणी बोलत नाही. आमच्या गावाने कामगार घडवावेत आणि ते दुसऱ्यांच्या उपयोगी पडावेत, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, ऐंशीच्या दशकात बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत उभी राहिली. वडिलांचे भागीदार शहापूरचे एक सुतार होते, साच्यासाठी लाकडी नमुने (पॅटर्न) करणारे. बीड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसते, त्या हिशेबाने वाढीव खुणा असलेली त्यांची मोजपट्टी (कॉन्ट्रॅक्शन स्केल) आजही आमच्या कपाटात आहे आणि ती कोणालाही उसनी दिली जात नाही. वाळूचे साचे भरणारे मोल्डर बहुतेक चंदगड आणि खानापूर तालुक्यांतले होते. जून-जुलैमध्ये रोप लावायला आणि दिवाळीच्या सुमारास भात कापायला ते गावी जाणार, हे गृहीत धरूनच आम्ही ऑर्डरी घेत असू. मूठभर वाळू दाबून, मोडून, ओल कमी की जास्त हे ते बोटांनीच सांगत. चंदगड महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात, पण एसटीने येणाऱ्या मोल्डरला त्याचे काही नव्हते. त्याला बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ होते.

शिनोळी आणि हलकर्णी येथे एमआयडीसी झाली आणि हे गणित फिरले. घराजवळ काम मिळाल्यावर माणूस तिकडे जाणार, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती सीमेपलीकडच्या एका कारखानदाराविषयी, ज्याने आमच्या हेडमिस्त्रीला गुपचूप उचल देऊन गणपतीच्या सुट्टीत सगळी टोळीच फिरवली. सुट्टी संपली तेव्हा वाळू चाळून तयार होती, साच्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या, भट्टीचा कोक येऊन पडला होता आणि वाळू ठोकायचा रॅमर हातात घेणारा एकही माणूस नव्हता. क्यूपोला, म्हणजे बीड वितळवायची कोकची भट्टी, दोन-चार साच्यांसाठी पेटवता येत नाही. कोक जळतो तो जळतोच. बँकेचा हप्ता थकला, मशीनशॉपवाल्यांनी आपापले पॅटर्न परत मागितले आणि जे आदल्या महिन्यापर्यंत ‘शेठ’ म्हणत होते ते रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले.

त्या काळात पॅटर्न न हलवणारे एकच गिऱ्हाईक होते, इचलकरंजीचे, यंत्रमागाचे सुटे भाग करणारे. त्याच कारखानदाराने त्यांना किलोमागे कमी भाव सांगितला होता. त्या गिऱ्हाईकाचे मालक अण्णा स्वतः आले, शॉपमध्ये फेरी मारली आणि म्हणाले, “पॅटर्न इथंच राहू देत. माणसं मिळाली की कळवा.” निघताना त्यांनी पुढील मालाची आगाऊ रक्कमही दिली. वडील आणि ते सुतारकाका त्या वयात पुन्हा वाळूत बसले, आणि आसपासची नवखी मुले हाताशी घेऊन आम्ही पहिली हीट (भट्टीचा एक घाणा) काढली.

पुढची वर्षे बरी गेली. क्यूपोला जाऊन विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आली. त्या मुलांची मुले मात्र वाळूत उतरली नाहीत. कोणी डिप्लोमा करून सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर) गेले, कोणी गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत. आता मोल्डिंगवर ओडिशा आणि बिहारची मुले आहेत. २०२० च्या मे महिन्यात श्रमिक गाड्या सुरू झाल्या तेव्हा तीही गेली, परंतु आम्ही टाळेबंदीत त्यांचे रेशन आणि खोलीभाडे सांभाळले होते, त्यामुळे बरीचशी परतली.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. सगळी टोळी एकाच मिस्त्रीच्या हाती देऊ नका, उचलीची नोंद प्रत्येकाच्या नावावर वेगळी ठेवा, आणि फेटलिंगच्या (ओतलेला माल साफ करणाऱ्या) पोरांपैकी एक-दोघांना दर वर्षी साचा भरायला बसवा, मग आधी थोडे जॉब ब्लोहोलने (आत वायूची पोकळी राहून) रद्द झाले तरी चालतील.

मागच्या दिवाळीत त्याच कारखानदाराच्या मुलाचा फोन आला होता. चंदगडची पोरे आता पुण्याला जातात, तेव्हा आमच्याकडची चार-पाच माणसे महिनाभर मिळतील का, असे तो विचारत होता. आम्ही त्याला ठेकेदाराचा नंबर दिला.