मुंबई ते फ्रँकफर्ट: तूप गेले, लाडू राहिले

मे महिन्यात सुट्टी संपवून नाशिकहून श्टुटगार्टला परतताना मी जो खाऊ बांधून घेतला होता, त्यातील बरेच काही घरी पोहोचलेच नाही. 'चेक-इनच्या बॅगेत सगळे चालते' असे चार अनुभवी मंडळींनी छातीठोकपणे सांगितले होते, चौघांचेही चुकले.

पहिला धक्का मुंबईतच बसला. बॅग पट्ट्यावरून आत गेल्यावर थोड्याच वेळात मला परत बोलावण्यात आले आणि पडद्यावरच्या गोल वाट्या दाखवून "हे खोबरे आहे का?" एवढेच विचारण्यात आले. सुक्या खोबऱ्यात तेल इतके असते की ते साठवणीत आपोआप तापू शकते, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत (यूएन १३६३, वर्ग ४.२) ते स्वतःहून पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते, हे ज्ञान मला रांगेसमोर बॅग उपसताना मिळाले. गोडा मसाल्याची पुडी त्या गडबडीत फुटली आणि पुढचा सगळा प्रवास माझ्या कपड्यांना तिचा वास येत राहिला. लसणीच्या चटणीत कुटलेल्या खोबऱ्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

विमानातले नऊ तास झोपेत गेले.

फ्रँकफर्टला मी स्वतःहून कस्टमच्या लाल मार्गाने, म्हणजे सामान जाहीर करणाऱ्यांच्या रांगेतून गेलो, म्हणून दंड टळला. असे सामान घेऊन हिरव्या मार्गाने जाणे म्हणजे दंडाला आमंत्रण आहे. तरी आईने कढवलेले दीड किलो तूप माझ्यादेखत टाकून देण्यात आले. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत, मग बरणी घरची असो वा कंपनीची. त्याच तुपात वळलेले बेसनाचे लाडू मात्र सहीसलामत सुटले, कारण मांस नसलेली बिस्किटे, केक आणि मिठाई या बंदीतून वगळलेली आहे. तेव्हा तूप न्यायचेच असेल, तर लाडवांत घालून न्यावे.

सहा हापूसही गेले. १४ डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. सूट आहे ती फक्त अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ यांना. म्हणजे युरोपला नारळ चालतो आणि मुंबईला खोबरे चालत नाही! आंब्याची हौस ८५० ग्रॅमच्या रसाच्या डब्यावर भागवावी, आणि तोही येथील भारतीय दुकानातून घ्यावा. वजनाचे पैसे भरून आणण्यात अर्थ नाही.

मेतकूट, कुळीथ पीठ, मसाले आणि चटण्या निर्धास्तपणे आणाव्यात, पण प्रत्येक पुडी दोन पिशव्यांत बांधावी. तुपासाठी येथील बिनमिठाच्या लोण्याच्या २५० ग्रॅमच्या दोन वड्या मंद आचेवर कढवाव्यात. रंग आणि रवा दोन्ही चांगले येतात. खोबऱ्याला मात्र पर्याय सापडलेला नाही. येथील पांढरा कीस भाजताना तेल सोडत नाही आणि वाटणाला ती चव येत नाही.