पुठ्ठ्याचे किल्ले आणि आजीचा सातबारा

नवी मुंबईत घणसोलीला आठवीला इतिहास शिकवायला लागले, त्या वर्षी प्रकल्प म्हणून माझ्याकडे एकोणतीस किल्ले जमा झाले. पुठ्ठ्याचे, रंगवलेले, आणि त्यातले निम्मे तरी बाबांनी रात्री जागून केलेले. एका रायगडाखाली दुकानाचं लेबल तसंच होतं. मी सगळ्यांना दहापैकी आठ देऊन टाकले. दुसरं करणार काय?

पुढच्या वर्षी किल्ले बंद केले. आठवीच्या पुस्तकात पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा आहे: भौतिक, लिखित, मौखिक. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. म्हटलं, घरातली एक जुनी वस्तू किंवा कागद आणा आणि त्याबद्दल दोन माणसांना विचारा. बस्स.

पहिला आठवडा वायाच गेला. अर्ध्या वर्गाने मोबाईलवरून उतरवलेली माहिती आणली, तीही एकसारखी. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचं गाव पाटण तालुक्यात. इथलं आम्ही काय आणणार?" त्याचे आजोबा माथाडी. मशीद बंदरचा कांदा-बटाटा बाजार वाशीला आला, त्याच्यामागे तेही आले. सोमवारी तो गोणी ओढायचा लोखंडी आकडा घेऊन आला. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. त्या तासाला पुस्तक उघडलंच नाही.

गावठाणातल्या एका मुलीने आजीचा सातबारा आणला, घडीवर फाटलेला, चिकटपट्टीने जोडलेला. सातमध्ये नावं आणि बारामध्ये पीक, हे मुलांना तिथं पहिल्यांदा कळलं. पिकाच्या रकान्यात 'भात' होतं. आज त्या जागी सात मजल्यांची सोसायटी आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. 'साडेबारा टक्के', म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा भूखंडाचा वाटा, हे शब्द मात्र मुलांना एजंटांच्या पाट्यांवरूनच ठाऊक होते.

खरी गंमत पुढे झाली. आजी म्हणाली, जमिनीच्या आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला तेव्हा थोरला चालायला लागला होता, म्हणजे 85. शेजारचे काका म्हणाले 84. मुलगी रडवेली, "बाई, कुणाचं लिहू?" उरण तालुक्यात 16 आणि 17 जानेवारी 1984 ला गोळीबार झाला, पाच जण गेले, हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगितलं नाही. दोघांचं लिही म्हटलं, आणि खरं कसं शोधशील तेही लिही. तिने थोरल्या काकांचा शाळेचा दाखला काढला, जन्मतारीख पाहिली आणि हिशेब मांडला. आजी एका वर्षाने चुकली होती.

गुण देताना मात्र घाम फुटला. वर्गातल्या रोजच्या कामाच्या, म्हणजे आकारिक मूल्यमापनात आठवीला 40 गुण असतात आणि प्रकल्प हे त्यातलं एकच साधन. दहा गुणांची वाटणी मी आधीच वर्गात लावली: कुणाला काय विचारलं त्याचे चार, दोन सांगण्यांतला फरक ओळखला त्याचे तीन, लिखाणाचे दोन, सजावटीचा एक. सजावटीला एकच गुण म्हणून एक पालक भेटायला आले. मुलीने तीन रात्री नक्षी काढली होती. मला वाईट वाटलं, पण गुण बदलले नाहीत. तिने एकाही माणसाला विचारलं नव्हतं. आठ दिवसांची मुदत देऊन पुन्हा करायला सांगितलं, तेव्हा तिने आणलं ते बरं होतं.

तपासून होईपर्यंत सातबारा माझ्या कपाटात होता. तिसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी उभी. "बाई, तो कागद आजच द्या. आजी मधल्या सुट्टीत फाटकाशी येणार आहे, रात्रभर झोपली नाही."